‘चेक इंजिन’चा दिवा लागला, म्हणजे सेन्सर गेलाच असे नाही!

जालना : समृद्धी महामार्गावर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो. जालन्यात उतरून गॅरेज गाठले, की मेकॅनिक स्कॅनर लावतो, कोड वाचतो आणि सांगतो, ‘सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.’ नवा सेन्सर बसतो, पैसे जातात; चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर! असे का होते?

कोड म्हणजे निदान नव्हे

पी-०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या ‘सर्किट’मधला बिघाड सांगतो. सर्किटमध्ये सेन्सरबरोबर वायर आणि कनेक्टरही येतात. शेतात उभ्या गाडीची वायर उंदराने कुरतडली, तरी हाच कोड येऊ शकतो. पी-०१७१ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. हवेचा पाइप फाटलेला असताना ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आधी हे तपासा

• बॅटरीचे व्होल्टेज, अर्थिंग, कनेक्टरमधला गंज, धुळीने भरलेला एअर फिल्टर.
• रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी स्कॅनरवर कूलंटचे तापमान पाहा. ते बाहेरच्या हवेच्या जवळपास हवे. मोठी तफावत असेल तर सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्या.
• वायरिंग ठीक असेल, तरच मल्टिमीटरने सेन्सर तपासून बदला. कोड पुसा, गाडी चालवून पाहा.

दुर्लक्षही नको

क्रँक सेन्सर गरम झाल्यावर दगा दिला, तर चालती गाडी बंद पडू शकते. स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात. दिवा लुकलुकत असेल, तर मिसफायर समजा आणि सुरक्षित जागी थांबा.

दोष एकट्या मेकॅनिकचा नाही

२०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजना खुली न करणे, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. माहितीच मिळाली नाही, तर छोट्या गॅरेजवाल्याने अंदाजाशिवाय करायचे काय? बीएस-६ गाड्यांत सेन्सर वाढले. तालुक्याच्या मेकॅनिकपर्यंत प्रशिक्षणही पोहोचायला हवे.

तोवर ग्राहकाने एवढे करावे : कोड लिहून घ्यावा, ‘वायरिंग तपासली का?’ असे विचारावे आणि बदललेला जुना भाग परत मागावा. तपासणीची मजुरी आनंदाने द्यावी. अंदाजाची किंमत मात्र मोजू नये.