ज्याची जात उघडी, त्यानं पिस्तूल कुठं झाकायचं?



परवा रात्रपाळी करून तुर्भ्याहून आलो. अंगावर तुरीची चुनी, नाकात भुसा. करावे गावठाणात माझी दहा बाय दहाची भाड्याची खोली. दारात चौघं पोरं बसलेली. आपलीच, अभ्यासवर्गातली. मला वाटलं कविता वाचतायत. बघतो तर मोबाइलवर पिस्तुलं! कुणी अमेरिकन बाबा शर्ट वर करून दाखवतोय. कमरेला कसं बसतं, खाली बसलं की टोचतं का, घामानं गंजतं का, उन्हाळ्यात पातळ शर्टातून फुगवटा दिसतो का. पोरं इतकी गंभीर, जणू उद्या बारावीचा पेपर आहे.

त्यातला एक मला म्हणाला, "भाऊ, तू सांग. रोज जवळ बाळगायला कुठलं बरं? छोटं, हलकं, कुणाला न दिसणारं."

मी हसलो. मग हसू गिळलं. हा पोरगा माझ्या गावाकडचा. गेल्या जयंतीला मिरवणूक वेशीशी आडवली तेव्हा हा पुढं होता. ह्याच्या बापाच्या डोक्याला सात टाके पडले. आणि ज्याच्या वाड्यासमोर हे झालं, तो ओट्यावर बारा बोअरची बंदूक फडक्यानं पुसत बसला होता. गोळी नाही झाडली. झाडायची गरजच काय? नुसती पुसली. लायसनची बंदूक. पीक संरक्षणाची.

तवा ह्या पोराला भेकड म्हणणारा मी कोण? आणि माथेफिरू म्हणणारा तरी कोण?

म्हणून आधी त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. उत्तर न देता उपदेश करणारे आपल्यात लई झाले.

ऐक. तो अमेरिकन दाखवतो ते बहुतेक नऊ एमएमचं. ते आपल्याकडं सामान्य माणसाला निषिद्ध बोअर. थ्री-एटसुद्धा निषिद्ध. लायसनवर हातातलं हत्यार घ्यायचं तर बहुतेक ०.३२ नाहीतर ०.२२. रिव्हॉल्व्हर साधं असतं. एक काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा घोडा ओढ, पुढचं समोर येतं. पण पोट फुगीर, कमरेला दिसतं. पिस्तूल चपटं, झाकायला सोपं, पण अडकलं तर सोडवायला हाताला सवय पाहिजे. आणि हत्यार जितकं छोटं, नळी जितकी आखूड, तितकी नेम धरायला अवघड. छोटं म्हणजे सोपं, हा त्या व्हिडिओचा पहिला खोटेपणा.

कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली 'निर्भीक' नावाचं ०.३२ चं रिव्हॉल्व्हर काढलं. दिल्लीत २०१२ साली त्या मुलीवर अत्याचार झाला, त्यानंतर बायांच्या पर्समध्ये मावावं म्हणून. वजन अर्धा किलो. माझ्या मिलमधल्या डाळीच्या छोट्या पुड्याएवढं. किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास. मला महिना चौदा हजार पडतात. म्हणजे न खाता, न पिता, खोलीभाडं न देता नऊ महिने. बाई नऊ महिन्यांत माणूस जन्माला घालते, मी नऊ महिन्यांत एक रिव्हॉल्व्हर जन्माला घालू? आणि पहाटे चारला खैरलांजीसारख्या गावात उभ्या बाईला, पहाटे चारला पाम बीच रोडच्या टॉवरकडं धुणंभांडी करायला निघालेल्या माझ्या शेजारणीला, कुणी दिली ती पर्स?

आता कुणी म्हणेल, गावठी कट्टा घ्या. स्वस्तात पडतो. पडतो ना! नळी हातात फुटली तर बोटं जातात. बोटं गेली तर मशीनवर कोण उभं राहणार? आणि बिनलायसनचं हत्यार सापडलं तर आर्म्स ॲक्टमध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. निषिद्ध बोअरचं सापडलं तर सात ते चौदा. एका पोराच्या कमरेला कट्टा सापडला की अख्ख्या वस्तीच्या कपाळावर शिक्का. तोवर ज्यांनी डोकी फोडली ते फिर्यादी होऊन बसतात आणि टाके पडलेला बाप आरोपीचा बाप होतो. त्यांना तुमच्या हातात हेच पाहिजे, पोरांनो. तुमच्या कमरेचा कट्टा हा त्यांच्या हातातला पुरावा आहे.

आणि झाकणार कुणापासून? नाकाबंदीत अंग कुणाचं चाचपतात? गाडीवर निळा झेंडा, हातात निळा धागा, आडनाव विचारलं की तोंडावर बदलणारा तो भाव. आपली जात आडनावावर, शाळेच्या दाखल्यावर, पत्त्यावर, गाण्यावर उघडी. ज्याची जातच उघडी, त्यानं पिस्तूल कुठं झाकायचं? झाकून बाळगायची चैन त्यांची, ज्यांची झडती होत नाही.

हे झालं व्यवहाराचं. आता मुद्द्याचं.

आपल्याला हत्यार नवं नाही. कोरेगावला १ जानेवारी १८१८ ला लढलेल्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत. मग १८९२ च्या सुमारास इंग्रजानं लष्करभरती बंद केली. म्हणे हे लढवय्ये नाहीत! पेन्शनीत निघालेल्या आपल्या सुभेदार-हवालदारांनी अर्ज केले. गोपाळबाबा वलंगकरांनी केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी केला. पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा १९१७ ला पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. पुन्हा १९४१ ला महार रेजिमेंट. म्हणजे गरज लागली की हत्यार हातात, गरज सरली की हात रिकामा. हत्यार कुणाच्या हातात असावं हे आजवर कुणी शौर्य बघून ठरवलेलं नाही. सत्ता बघून ठरवलं.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त हेच मांडलं. खालच्या जातींनी बंड का केलं नाही? कारण चातुर्वर्ण्यानं त्यांना शस्त्र नाकारलं, शिक्षण नाकारलं, सगळं नाकारलं. युरोपातल्या दुबळ्याजवळ लष्करी चाकरी होती, राजकीय हक्क होता, शिक्षण होतं. इथल्या दुबळ्याजवळ तिन्ही नाही. लक्षात घ्या, बाबासाहेबांनी तीन हत्यारं एकत्र मोजली. एकटं अंगबळाचं नाही. आणि तीही एका माणसाच्या कमरेला नाही, एका समाजाच्या हातात.

मग ती बारा बोअर वाड्यावर आली कशी? कायद्यानं आली. आर्म्स ॲक्ट १९५९ चा. पीक राखायला बंदूक मिळते. ज्याला शेत त्याला पीक, ज्याला पीक त्याला बंदूक. आणि शेत कुणाला, हे मनूपासून ठरलेलं. डुकरासाठी घेतलेली बंदूक माणसाला दाखवायला कामाला येते.

माझ्या चुलत्यानं गेल्या साली स्वसंरक्षणासाठी अर्ज केला. साडेतीन एकर गायरान कसतो, अतिक्रमणाच्या नोटिसा खातो, दोनदा मार खाल्लाय. हापिसातला माणूस अर्ज बघून हसला. म्हणाला, "तुझ्याकडं राखायला हाय काय?"

त्या दिवशी चुलता घरी येऊन जेवला नाही. बायकोची, पोरीची, स्वतःच्या जिवाची किंमत त्यानं त्या खिडकीत पहिल्यांदा ऐकली. काय हाय? काहीच नाही.

मी फोर्टच्या फुटपाथवरून आर्म्स ॲक्टचं जुनं पुस्तक आणलं. साठ रुपये. रात्रपाळीच्या सुट्टीत पोत्यावर बसून डिक्शनरी लावून वाचलं. कलम १४, पोटकलम २. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कुणालाही परवाना नाकारता येणार नाही! छापलेलं आहे, दोस्तहो. १९५९ पासून छापलेलं आहे. पुढचं पोटकलम म्हणतं, नाकारलं तर कारण लेखी नोंदवा आणि मागितलं तर सांगा. कलम १८ म्हणतं, अपील करा. तो माणूस हसला ते कायदा माहीत असून हसला की नसून, ते सोडा. आम्ही हसू ऐकून परत आलो, कारण आम्हाला माहीत नव्हता.

आणि ह्याच्याहून मोठी गोष्ट. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम ३ वाचा. पाठ करा. अत्याचार होण्याची शक्यता असलेली ठिकाणं सरकारनं हुडकून काढायची. तिथल्या बिगर दलित-आदिवासींचे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, घरोब्याच्या मित्रांचे शस्त्र परवाने गरज पडल्यास रद्द करायचे आणि हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि जीव-मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज पडल्यास दलित-आदिवासींना शस्त्र परवाने द्यायचे.

वाचलंत? आपण मोबाइलवर अमेरिकन बाबाचा पट्टा बघतोय आणि आपलं हत्यार नियम ३ मध्ये तीस वर्षं पडून आहे. गंजलेलं नाही. कुणी उचललेलं नाही.

त्यातला क्रम बघा. आधी त्यांची बंदूक खाली, मग तुमच्या हातात परवाना. मी त्या क्रमाचा माणूस आहे. माझी पहिली मागणी आहे, ओट्यावरची बारा बोअर शस्त्रागारात जमा करा. ती गेली तर माझ्या चुलत्याला रिव्हॉल्व्हर लागणार नाही, तो सव्वा लाखाची विहीर खणील. ती जाणार नसेल, तर त्याचा परवाना द्या. दोन्ही नाही म्हणत असाल तर लेखी द्या, की ह्या राज्यात बंदूक एका बाजूनंच असेल.

आता आपल्यातले पुढारी म्हणतील, शांत राहा, बाबासाहेबांनी महाडला शांत राहायला सांगितलं होतं. होय, सांगितलं होतं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावरून परतलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या तेव्हा आपली माणसं त्यांच्या इशाऱ्याची वाट बघत होती. त्यात पलटणीत राहिलेले होते. बाबासाहेबांनी हात आवरायला लावला. पण हे सांगताना पुढचं गिळू नका. ते घरी जाऊन झोपले नाहीत. डिसेंबरात परत महाडला आले आणि मनुस्मृती जाळली. तळ्याचा खटला लढवत लढवत १९३७ ला हायकोर्टात जिंकला. समता सैनिक दलाच्या हातात काठी होती, ती उघडी होती, रांगेत होती, शिस्तीत होती. शांत राहणं आणि गप्प राहणं ह्यात फरक आहे. गप्प राहायला सांगणाऱ्याला बाबासाहेबांचं नाव घ्यायचा हक्क नाही.

आणि पोरांनो, तुम्हालाही सांगतो. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांग्यांच्या घरावर जमाव चालून आला. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन. चौघं गेले. भैयालाल जिवंत राहिला आणि २०१७ ला न्यायाची वाट बघत मेला. त्या घरात एक छोटं, हलकं, न दिसणारं पिस्तूल असतं तर? मी रात्रभर हा विचार केलाय. कदाचित एखादा जमावातला पडला असता. मग? सहा गोळ्या संपल्यावर गाव तेवढंच राहिलं असतं. तिथं पिस्तूल कमी पडलं नाही. तिथं शेजार कमी पडला. आधी घोंगावणाऱ्या धोक्याची दखल घेणारं ठाणं कमी पडलं. धावून येणारी वस्ती कमी पडली. कोर्टांनी माणसं दोषी धरली, पण हा जातीचा गुन्हा आहे असं धरलं नाही. ह्यातलं काय तुम्ही कमरेला लावून भरून काढणार?

पिस्तूल एकट्याचं असतं. आपल्यावर हल्ला एकट्याचा कधी होत नाही. गावचा होतो. किराणा बंद होतो, दळण बंद होतं, पाणी बंद होतं, वाट बंद होते. त्यावर कुठलं बोअर चालतं?

मी हत्यार नको म्हणत नाही. जीव वाचवायचा हक्क कायद्यानंही दिलाय आणि आईच्या पोटातूनही आलाय. मी म्हणतो, चोरून नको. मागून घ्या, लढून घ्या, उघड घ्या. आणि घेण्याआधी मोजून घ्या. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथं पोर रांगतं आणि शेजारी कुणीतरी शनिवारी पिऊन येतं, तिथं भरलेलं हत्यार पहिल्यांदा कुणाच्या छातीकडं वळेल? वाड्याकडं? मला नाही वाटत.

तवा हे करा. आपापल्या गावाचं नाव घालून नियम ३ खाली कलेक्टरला अर्ज करा. एकट्यानं नाही, वस्तीनं. माहितीच्या अधिकारात विचारा, तालुक्यात परवाने किती, पीक संरक्षणाचे किती, नियम ३ खाली आजवर रद्द किती, दिले किती. जिल्ह्याच्या दक्षता समितीची तीन महिन्यांतून एक बैठक व्हायलाच पाहिजे. झाली का विचारा, इतिवृत्त मागा. हापिसात कुणी हसलं तर कलम १४ वाचून दाखवा आणि नकार लेखी मागा. चॅप्टर केसमध्ये बाँड लिहून द्यायच्या आधी वकील गाठा, कारण बाँडच्या मुदतीत परवाना मिळत नाही. जयंतीच्या आधी आपल्याच पोरांवर चॅप्टर का पडतात, ह्याचंही एक उत्तर त्यात आहे. आणि रात्री वस्तीची राखण आळीपाळीनं, उघड, शिट्टी आणि फोनसकट.

त्या पोराला मी एवढंच म्हणालो, मोबाइल ठेव, पेन घे. त्यानं अर्ज लिहिला. 'संरक्षण' लिहिताना तीनदा खोडलं. मग मला विचारलं, "भाऊ, मिळंल?"

माहीत नाही. माझ्या चुलत्याचा दुसरा अर्ज गेलाय, कलम १४ लावून. अजून उत्तर नाही. पण ह्या वेळी खिडकीतला माणूस हसला नाही. पोच दिली. शिक्का मारून दिली. चुलत्यानं ती बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवलीय.

त्या रात्री तो पोटभर जेवला.

जयभीम.