आभाळातून उतरणारी पेटी आणि आमच्या आतल्या पानावरची नोटीस

१४ ऑक्टोबर २०१२. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते आणि मी झोप सोडून लॅपटॉपसमोर बसलो होतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वर, एका भल्यामोठ्या फुग्याखाली टांगलेल्या कॅप्सूलच्या दारात ऑस्ट्रियाचा फेलिक्स बाउमगार्टनर उभा होता. उंची जवळजवळ ३९ किलोमीटर. मंगरूळपीरहून एसटीने वाशीमला जायला जेवढं अंतर पडतं ना, साधारण तेवढंच, पण सरळ वर. त्याने सॅल्यूट ठोकला आणि पुढे झुकला. त्यानंतर सव्वाचार मिनिटांहून जास्त वेळ तो माणूस नुसता पडत होता. वेग गेला ताशी १३५७ किलोमीटरवर, म्हणजे आवाजापेक्षा जास्त. मध्येच तो भोवऱ्यासारखा गरगरायला लागला तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी झोकात बातमी केली. मथळा : 'अंतराळातून उडी!' फोटोसकट, पहिल्या पानावर.

मथळा चुकीचा होता. अंतराळ साधारण १०० किलोमीटरपासून सुरू झालं असं धरतात. ३९ किलोमीटर म्हणजे स्थितांबर, शाळेच्या भूगोलात आपण पाठ केलेलं. पण म्हणून ती उडी लहान होत नाही. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असतो. एकोणीस किलोमीटरच्या वर गेलं की शरीरातलं पाणी अंगाच्याच उष्णतेने उकळायला लागतं, त्यामुळे दाबाचा पोशाख फाटला की खेळ संपला. १९६२ मध्ये रशियाचा प्योत्र डोल्गोव्ह साडेअठ्ठावीस किलोमीटरवरून उतरताना असाच गेला, हेल्मेटच्या काचेला तडा गेला म्हणून. त्याआधी १९६० मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाचा जोसेफ किटिंजर ३१ किलोमीटरवरून उतरला. वर जाताना त्याच्या उजव्या हातमोज्यात दाबच भरला नाही, हात सुजून दुप्पट झाला, आणि पठ्ठ्याने खाली कळवलंच नाही! कळवलं असतं तर उडी रद्द झाली असती. आणि बाउमगार्टनरचा उंचीचा विक्रम दोनच वर्षांत मोडला. मोडणारा कोण? ॲलन युस्टेस नावाचा, गुगलमधला पन्नाशी ओलांडलेला अधिकारी. ना कॅप्सूल, ना गाजावाजा. फुग्याखाली स्वतःच लटकून ४१ किलोमीटरवर गेला आणि खाली आला. त्याच्यामागे एनर्जी ड्रिंकची जाहिरात नव्हती, म्हणून आपल्याला त्याचं नावही माहीत नाही. मलाही नव्हतं.

हे सगळं आज का काढलं? कारण ज्या उंचीवरून हे लोक उतरले, त्याच उंचीवरून दर हंगामात आपल्याच मुलखावर काही ना काही उतरत असतं. तेही फुग्यातून सुटून, पॅराशूटला लटकून. फक्त पॅराशूटखाली माणूस नसतो, उपकरणांची पेटी असते.

हैदराबादला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं, फुगे सोडायचं केंद्र आहे. होमी भाभांची संस्था. तिथून हायड्रोजन भरलेले पातळ पॉलिथिनचे फुगे सोडतात. वर जाऊन फुगला की एकेकाचा व्यास ५० ते ८५ मीटर. ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जाऊन ते तरंगतात. काम झालं की जमिनीवरून हुकूम दिला जातो, पेटी सुटते आणि रंगीत पॅराशूटने खाली येते. कुठे? वारा नेईल तिथे. हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरपर्यंत. नकाशावर पट्टी ठेवून बघा, मंगरूळपीर हैदराबादपासून सरळ रेषेत ३४० च्या आसपास भरतं. म्हणजे आपण अगदी काठावर का होईना, पण आत आहोत.

आता या पेटीत काय असतं ते एका उदाहरणाने सांगतो. २० एप्रिल २००५. याच केंद्रातून एक फुगा गेला. खाली ४५९ किलोची पेटी, तिच्यात निर्जंतुक केलेल्या १६ पोलादी नळ्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्या नळ्यांत भरून आणायची, एवढंच काम. प्रयोगाचे प्रमुख आपले जयंत नारळीकर. एवढ्या उंचीवर काही जिवंत असतं का, हा प्रश्न. पेटी पॅराशूटने उतरली, सुखरूप सापडली, नळ्या हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत गेल्या. २००९ मध्ये इस्रोने जाहीर केलं की त्या हवेत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला आर्यभटांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं आणि एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचं.

'सुखरूप सापडली' हे दोन शब्द मी मुद्दाम लिहिलेत. समजा, ती पेटी आपल्या तालुक्यात एखाद्या हरभऱ्याच्या वावरात पडली असती. आपण काय केलं असतं? खरं सांगा. अर्ध्या तासात शंभर मोबाईल, दहा लोक पॅराशूटचं कापड फाडून नेणारे, दोन जण नळी उघडून बघणारे. भंगारवाल्याला पोलादाचा भाव विचारणारा एक तर नक्की. झाकण उघडलं की वरची हवा आणि वावरातली हवा एक. चार वर्षांचं पुढचं काम तिथेच संपलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं.

मी गावकऱ्यांना नावं ठेवत नाही. माहीतच नसेल तर माणूस काय करील? जानेवारी २०२५ मध्ये सीमेपलीकडे बीदर जिल्ह्यात, हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगीत अशी पेटी एका घराच्या छतावर उतरली. गाव हादरलं. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणात विकाराबादजवळच्या शेतात अंड्यासारखी मोठी वस्तू पडली आणि परग्रहावरून कोणी आलं अशी हवा झाली. ती एका स्पॅनिश कंपनीची चाचणीची रिकामी कॅप्सूल होती. पुढे पर्यटकांना स्थितांबरापर्यंत फिरवून आणायचा त्यांचा बेत होता. म्हणजे माणसं जिथून उतरली त्या उंचीपर्यंतच्या सहलीची तयारी आपल्या शेजारच्या राज्यात चालली होती आणि आपण एलियन शोधत होतो.

आणि २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ? गुढीपाडवा होता. आभाळातून जळते निखारे ओळीने गेले. माझा फोन तासभर थांबला नाही. "भाऊ, मिसाईल पडलं काय?" "भाऊ, इमान जयलं म्हन्तेत, खरं हाय काय?" तो चिनी रॉकेटचा तुकडा होता. मोठी धातूची रिंग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला सापडली. हा फुग्याचा प्रकार नव्हे, त्याची आगाऊ नोटीस कोणी देऊ शकत नव्हतं. पण आभाळातून काही आलं की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपचं काय होतं, ते त्या रात्री बघून घेतलं.

अफवेला मी हसण्यावारी नेत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारलं. कारण होतं मुलं पळवणारी टोळी आल्याची मोबाईलवरची अफवा. पेटी पडल्यावर तिच्या मागे ती शोधत येणारे लोकही असतात. अनोळखी, गाडीतून आलेले, परराज्यातले, मराठी न येणारे. रात्रीच्या वेळी असे चार जण एखाद्या गावात शिरले आणि गावाला काहीच माहिती नसेल तर?

आता माझा स्वतःचा गुन्हा. फुगे सोडायचे असले की प्रशासनाला आधी कळवलं जातं. असं एक पत्रक एका हिवाळ्यात माझ्या टेबलावर आलं होतं. सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं : पेटीला हात लावू नका, आत उच्च दाबाची वीज असू शकते, पोलीस ठाण्याला कळवा, कळवणाऱ्याला बक्षीस मिळेल. मी त्याचं काय केलं? आतल्या पानावर, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातीखाली, चार ओळी. अमेरिकेतल्या उडीला पहिलं पान आणि आपल्या डोक्यावर उतरणाऱ्या पेटीला चार ओळी! तेव्हा मी पत्रकारितेत नवखा नव्हतो, त्यामुळे ती पळवाटही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हे पत्रक कार्यालयातून कार्यालयात फिरून फाईलला लागता कामा नये. ते साध्या मराठीत पोलीस पाटलांपर्यंत जावं, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं, जमलं तर दवंडी व्हावी. सगळ्यात आधी ज्यांना हे दिसणार ते कोण आहेत? रात्रीच्या लाईनीवर हरभऱ्याला, गव्हाला पाणी देणारे शेतकरी. पहाटे आपल्याकडे सूर्य उगवायचा असतो तेव्हा चाळीस किलोमीटरवरच्या फुग्यावर ऊन पडलेलं असतं, त्यामुळे तो चांदणीपेक्षा ठळक चमकतो. ओलीत करणारा माणूस ते बघणार आणि पहिला व्हिडिओ त्याचाच निघणार. त्याला आठ दिवस आधी माहीत असलं की तोच व्हिडिओ अफवा न होता बातमी होईल. शाळांनाही कळवा. शेलूबाजार, आसेगाव, वनोजा, कुठल्याही शाळेतल्या सहावी-सातवीच्या पोरांना पहाटे उठवून तो फुगा दाखवा. स्थितांबर पाठ करून घेण्यापेक्षा हे बरं.

कोणी म्हणेल, पाण्याचे, पीकविम्याचे प्रश्न पडलेत आणि तुमचं फुग्याचं काय चाललंय? बरोबर आहे, त्यावरही लिहितोच. पण यासाठी निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. आलेला कागद पुढे पाठवायचा आहे.

२०२५ च्या मे महिन्यात नारळीकर सर गेले. जुलैत बाउमगार्टनर गेला, इटलीत पॅराग्लायडिंग करताना. दुसरी बातमी माझ्या मोबाईलवर जास्त वेळा आली.

पुढचं पत्रक हाती आलं की ते पूर्ण, शब्दन् शब्द, याच भिंतीवर टाकीन. तोवर एवढं लक्षात ठेवा : वावरात रंगीत पॅराशूट आणि पेटी दिसली तर लांब उभे राहा, पोरांना जवळ जाऊ देऊ नका, ११२ लावा. फोटो काढा, पण दुरून. आणि मग मलाही पाठवा.