बाजू मांडणारा माणूसही आपला हवा

गावातलं पोर फड मारून आलं, की गाव त्याला खांद्यावर घेतं. ढोल-लेझीम निघते, फेटा बांधला जातो, सरपंच हार घालतात. यात वावगे काही नाही. पण तेच पोर एखाद्या दिवशी पारावर येऊन म्हणाले, "मी परदेशात मोठ्या खेळस्पर्धेत काम शिकायला चाललोय," तर पुढचा संवाद ठरलेला आहे. "खेळणार आहेस का?" नाही. "पगार किती?" फारसा नाही, बहुधा नाहीच. "मग बापाचे पैसे घालवायला चालला होय रे?" आणि पार हसतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पाराची शंका अगदीच चुकीची नाही. कांद्याचा बाजार पडला म्हणजे घरात काय होते, हे आम्हाला सांगायला नको. अशा घरातून विमानाचे तिकीट काढायचे तर बापाने चार वेळा विचार करावा, हेच शहाणपणाचे. पण हसण्यापूर्वी एक जुनी गोष्ट आठवावी, असे आम्हास वाटते. ती आपल्याच मातीतली आहे.

कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असताना १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. मातीत वाढलेला हा मल्ल तिथे मॅटवर लढला आणि सहावा आला. पुढे १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैशासाठी दारोदार फिरायची वेळ आली. गावकऱ्यांनी वर्गणी केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. त्या पैशावर गेलेल्या खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिम्पिक पदक. कराड स्टेशनवरून निघालेल्या त्यांच्या मिरवणुकीत दीडशेवर बैलगाड्या होत्या, असे आजही सांगतात.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पुढची मात्र कोणी फारशी सांगत नाही. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीईबरोबर खाशाबांची कुस्ती झाली. ती लांबली आणि खाशाबा दमले. लगेच पाठोपाठ सोव्हिएत संघाच्या पैलवानाशी लढायला त्यांना बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. पण तो नियम पुढे करून "थांबा, आमच्या पैलवानाला वेळ द्या" असे म्हणायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. विश्रांती मिळाली असती तर निकाल बदलला असता का, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. पण हक्काचा अर्धा तास बुडाला तो खाशाबांची ताकद कमी पडली म्हणून नव्हे. त्यांची बाजू मांडणारा माणूस जागेवर नव्हता, म्हणून.

आता २०२४ चे पॅरिस पाहा. अंतिम कुस्तीच्या सकाळी विनेश फोगाटचे वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅमने जास्त भरले आणि ती बाद झाली. त्यावर क्रीडा लवादापुढे अपील झाले, ज्येष्ठ वकील हरीश साळवे तिच्या बाजूने उभे राहिले. १४ ऑगस्टला अपील फेटाळले गेले, हे खरे. पण बाजू मांडली गेली, ऐकली गेली. हेलसिंकी ते पॅरिस हा ७२ वर्षांतला फरक आहे. त्याच पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला इतकी वर्षे जावी लागली. खेळाडूच्या मागे प्रशिक्षक, वैद्य, नियम जाणणारा, कागद सांभाळणारा आणि परक्या भाषेत भांडणारा असे दहा जण लागतात. ते दहा जण दरवेळी मुंबई-दिल्लीचेच का असावेत? मंचर, घोडेगाव, जुन्नरचे का नसावेत?

कोणी म्हणेल, आमच्या पोरांना त्यातले काय कळते? आम्ही म्हणतो, पुष्कळ कळते. आपल्याकडे बैलगाड्याचा घाट कसा चालतो ते डोळ्यांपुढे आणा. कोणत्या गाड्याची बारी कधी, याची यादी असते. निशाणाला माणूस असतो, घड्याळावर माणूस असतो, सेकंदावरून वाद झाला तर मिटवणारी पंचमंडळी असतात. ध्वनिक्षेपकावर गळा फोडणारा निवेदक असतो. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, पाणी, गर्दी, गाड्या लावायची जागा हे सगळे यात्रा कमिटी बघते. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून तर कागदोपत्री शिस्त अधिकच आली. ऑलिम्पिक म्हणजे हेच काम, फक्त फार मोठे आणि मिनिटामिनिटाच्या हिशेबाने चालणारे. ज्याने घाटावर घड्याळ धरले आहे, त्याला अगदीच नवशिका म्हणता येत नाही.

आता व्यवहाराकडे वळू. परदेशी स्पर्धेत काम करायचे दोन मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला स्वयंसेवकाचा. पॅरिसला असे ४५ हजार स्वयंसेवक होते. त्यांना गणवेश मिळाला, कामाच्या दिवशी जेवण आणि स्थानिक प्रवास मिळाला. विमानाचे भाडे आणि राहण्याचा खर्च ज्याचा त्याने केला. दुसरा मार्ग इंटर्नशिपचा, म्हणजे काही महिने एखाद्या विभागात राहून काम शिकण्याचा. यात कधी विद्यावेतन असते, कधी नसते. त्यासाठी त्या देशाची कामाची रीतसर परवानगी लागते. पर्यटक म्हणून जायचे आणि तिथे गुपचूप काम करायचे, हा उद्योग कोणी सुचवला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

कारण या वाटेवर लबाड माणसेही आहेत. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर ब्रिस्बेनच्या विमानतळावर भारतीयांची एक तुकडी पकडली गेली. त्यांच्याकडे पत्रकारांची बनावट ओळखपत्रे होती. खेळाच्या नावाखाली माणसे परदेशात घुसवण्याचा तो प्रकार होता. तेव्हा पालकांनी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. निवडीचे पत्र आयोजन समितीकडूनच आले आहे, याची कॉलेजकडून खातरजमा करून घ्यावी. आणि "लाखभर द्या, पोराला ऑलिम्पिकला लावतो" म्हणणाऱ्याच्या हातावर एक छदामही ठेवू नये. निवड होण्याआधी पैसे मागतो, तिथे पाणी मुरते.

आता कागदपत्रे. ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींनी इथे जरा कान द्यावा. पदांची सरकारी नावे बदलली तरी गाव अजून तुम्हाला याच नावाने ओळखते, म्हणून तसे लिहितो. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव 'बबन' तर सातबाऱ्यावर 'बबनराव'. जन्मनोंदीत कधी बाळाचे नावच नाही, नुसते 'मुलगी' लिहिलेले. गावात असल्या फरकाने काही अडत नाही. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या टेबलावर मात्र नेमके यावरच घोडे अडते. जन्मनोंदीत नाव घालण्याची आणि चूक दुरुस्त करण्याची सोय १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच आहे. तो अर्ज "साहेब मीटिंगला गेलेत" म्हणून तीन आठवडे पडून राहिला, तर मुलाची संधी निघून जाते. स्पर्धेची तारीख कोणासाठी पुढे जात नाही.

पासपोर्ट आधी काढावा, संधीची वाट बघत बसू नये. ३६ पानी साध्या पासपोर्टची सरकारी फी १५०० रुपये आहे आणि तो दहा वर्षे चालतो. अर्ज स्वतः भरता येतो, मुंढव्याच्या केंद्रात जायला एक दिवस लागतो. मधल्या माणसाला दुप्पट पैसे मोजायचे काही कारण नाही. पोलीस चौकशीला माणूस आला की पोर आणि कागद दोन्ही घरी हजर असावेत, इतके बघा.

व्हिसासाठी मोठी अडचण येते ती घरच्या ऐपतीचा पुरावा देताना. नोकरदाराचा पगार दरमहा बँकेत दिसतो. आपले उत्पन्न बराखीतला कांदा बाहेर निघाला की येते, आणि त्यातले अर्धे रोखीने जाते. मग मुलगा जायच्या आठ दिवस आधी चुलत्याकडून, मामाकडून गोळा करून खात्यात तीन लाख भरले जातात. व्हिसा अधिकाऱ्याला नेमका याच गोष्टीचा संशय येतो. म्हणून वर्षभर आधीपासून बाजार समितीतला पैसा खात्यावरच घ्यावा. आडत्याच्या हिशेबपट्ट्या आणि दूध डेअरीची बिले फायलीत लावून ठेवावीत. सातबारा, आठ अ, घोडेगावच्या तहसील कचेरीतला उत्पन्नाचा दाखला जोडून त्यांचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. तो खर्चात आधीच धरावा.

पैशाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. वावर गहाण टाकून किंवा दावणीचे बैल विकून कोणी जाऊ नये. खर्डेकरांनी घर गहाण टाकले ते त्यांचे मोठेपण, पण गावात ताकद असताना एकाच घरावर तो भार का पडावा? यात्रेची वर्गणी जमते, तशी हीही जमू शकते. मात्र तिचा हिशेब यात्रेपेक्षा कडक हवा. पावती फाडावी, पैसे खात्यावर घ्यावेत आणि जमा-खर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा. घेणाऱ्यानेही त्याची जाण ठेवावी. खाशाबांनी पदक घेऊन आल्यावर कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्यातून प्राचार्यांचे पैसे फेडले, असे सांगतात. आपल्या विद्यार्थ्याने परत येऊन यात्रेत प्रथमोपचाराची आणि गर्दी सांभाळण्याची नीट व्यवस्था लावून दिली, शाळेतल्या चार पोरांचे अर्ज भरून दिले, तरी गावाची फेड झाली.

जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही दोन शब्द. बाळा, इंग्रजी लाजून येत नाही, चुकत चुकतच येते. एका खेळाची नियमावली पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढ. प्रथमोपचार शीक. परदेशाची घाई करण्याआधी तालुका आणि जिल्हा स्पर्धांत टेबलावर बस, गुणपत्रक लिही. पुढे बालेवाडी आहेच. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ती क्रीडानगरी उभी राहिली आणि २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धा पुण्याने तिथेच भरवल्या. मंचरहून एसटीने जाऊन येण्याजोगे हे अंतर आहे. आणि २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला व्हायच्या आहेत. परदेशातले काम शिकून आलेल्याला घराजवळही जागा मिळेल.

मुलींच्या बाबतीत वेगळे लिहायची वेळ येऊ नये, पण येते. मुलगा निघाला तर "खर्च किती" एवढेच विचारतात. मुलगी निघाली तर "बरोबर कोण?" आणि "लग्नाचं काय?" हेही विचारतात. काळजी जरूर करावी. राहण्याचा पत्ता, तिथल्या भारतीय वकिलातीचा फोन, रोज ठरलेल्या वेळी घरी बोलणे, हे सगळे ठरवून घ्यावे. पण ही व्यवस्था मुलगा असो वा मुलगी, दोघांसाठी सारखीच हवी. काळजीचे कारण पुढे करून एकीचा रस्ता बंद करणे बरे नव्हे.

आमचे मागणे मोठे नाही. येत्या ग्रामसभेत एक साधा ठराव करा. अकरावीच्या पुढच्या प्रत्येक मुलामुलीची जन्मनोंद, दाखला आणि आधार यांतली नावे एकदा ताडून पाहायची आणि फरक असेल तर दोन महिन्यांत दुरुस्त करायचा. याला निधी लागत नाही, वरून आदेश यावा लागत नाही. ग्रामसेवकाची सही आणि सरपंचांचा पाठपुरावा, एवढेच लागते.

हेलसिंकीला खाशाबांचा अर्धा तास बुडाला, कारण तिथे बोलायला आपले कोणी नव्हते. पुढच्या खेपेला कोणा गोळेश्वरच्या, कोणा मंचरच्या पैलवानाचा अर्धा तास बुडू लागेल, तेव्हा नियमाचे पुस्तक हातात घेऊन "थांबा" म्हणणारी पोरगी आंबेगाव तालुक्यातलीही असू शकेल. पण तिचा दाखला आज तुमच्या टेबलावर पडून आहे का, एवढे जरा बघा.