घरची मशीन आणि न्हाव्याची खुर्ची

कोरोनाच्या साथीत महाराष्ट्रातील केशकर्तनालये मार्च २०२० पासून बंद होती. २८ जून २०२० पासून शासनाने ती उघडण्यास परवानगी दिली, पण त्या परवानगीत एक मेख होती. केस कापता येतील, दाढी मात्र करता येणार नाही. कारण त्वचेशी संबंध येणाऱ्या सेवांना तेव्हा मनाई होती. डोके मोकळे झाले आणि हनुवटी अडकून पडली! ज्यांनी आरशासमोर कधी कातरीही धरली नव्हती, अशा कितीतरी घरांत त्या दिवसांत दाढीची मशीन आली. साथ गेली, मशीन राहिली. आज ती शहरात आहे तशी पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीसारख्या गावातही आहे.

या मशीनविषयी आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, मशीन म्हणजे न्हाव्याच्या पोटावर पाय. दुसरा म्हणतो, वेळ वाचतो, पैसा वाचतो, रोगराई टळते, मग न्हाव्याकडे जायचेच कशाला? आमच्या मते दोघांचेही हिशेब अर्धवट आहेत. आठवड्याची सफाई घरी व्हावी, महिन्याचा आकार दुकानात व्हावा, आणि घरोघरच्या मशीनची देखभाल ही न्हाव्याची नवी मिळकत व्हावी, असे आमचे म्हणणे आहे. ते का, हे जरा सविस्तर सांगतो.

आधी मशीनबद्दल. पुष्कळ लोक ती आणतात, दोन महिने वापरतात आणि "केस ओढते" म्हणून फडताळात टाकतात. दोष बहुधा मशीनचा नसतो. तिच्या तोंडाशी दोन दातेरी पाती असतात. एक स्थिर, दुसरे त्याच्यावर डावी-उजवीकडे वेगाने सरकणारे. केस दातांच्या खाचेत शिरतो आणि दोन पात्यांत कातरला जातो. म्हणजे ही लहान लहान कातऱ्यांची एक रांगच झाली. आमची पिढी लहान होती तेव्हा न्हावी हाताने दाबायची मशीन मानेवर फिरवत असे. तिचे तत्त्व हेच होते आणि ती केस कसे ओढायची हे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. अमेरिकेतील लिओ वॉल यांना १९२१ साली विजेवरच्या मशीनचे पेटंट मिळाले. शंभर वर्षांत मोटार बदलली, बॅटरी आली, पण पात्यांचे काम तेच राहिले.

दोन धातू एकमेकांवर घासतात तिथे तेल हवे. शिंपी बांधवांना हे सांगायला नको. शिलाई मशीनला जे पातळ, पांढरे तेल लागते तसेच तेल या पात्यांना चालते; दोन थेंब टाकायचे, मशीन अर्धा मिनिट चालू ठेवायची आणि जास्तीचे तेल फडक्याने पुसायचे. खोबरेल तेल घालू नये. ते थंडीत गोठते, त्यात केस आणि धूळ चिकटून लगदा होतो आणि पाती अडतात. दर वेळी वापर झाल्यावर ब्रशाने केस झाडावेत. ज्या मशीनवर पाण्याखाली धरण्याची परवानगी लिहिलेली नाही ती नळाखाली धरू नये. आणि कापडाची कातरी कागदाला लावली तर शिंपी जसा रागावतो, तसे दाढीच्या मशीनने शेळीचे केस कापणाऱ्यावर रागावणारे घरात कुणीतरी असावे.

आता हात कसा चालवावा. दाढी धुऊन पूर्ण कोरडी करावी. ओला केस लांब दिसतो; ओल्या दाढीवर मशीन फिरवली की वाळल्यावर ती वाटली होती त्याहून आखूड निघते. मग कंगव्याने सगळे केस खाली ओढून घ्यावेत. मखमलीच्या ताग्यावर एका दिशेने हात फिरवला तर मऊ लागते, उलट फिरवला तर खरखरीत. दाढीचेही तसेच आहे. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने मशीन चालवली तर कमी कापते, उलट चालवली तर जास्त. नवख्या माणसाने नेहमी मोठ्या मापाच्या कंगव्याने आणि सुलट दिशेने सुरुवात करावी. कापलेले परत येत नाही, राहिलेले केव्हाही कापता येते. गळ्याची रेघ कंठमण्याच्या दोन बोटे वर धरावी. ती जबड्याच्या हाडापर्यंत चढवली की चेहरा सोललेल्या फळासारखा दिसतो. कल्ल्यांजवळ मशीन टेकवून धरू नये, बाहेरच्या बाजूला उचलत न्यावी, म्हणजे केसांत पायरी पडत नाही.

मुठीची दाढी राखणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण मशीन विकणारा ती सांगत नाही. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) हज किंवा उमऱ्याच्या वेळी दाढी मुठीत धरून मुठीबाहेरचे केस कापत, अशी रिवायत सहीह बुखारीत आहे, आणि हनफी उलमांनी मुठीची मर्यादा त्यावरून सांगितली आहे. चार बोटांची रुंदी सात-आठ सेंटिमीटर भरते. मशीनबरोबर मिळणारे प्लास्टिकचे कंगवे ३, ६, १०, १३ मिलिमीटरचे असतात. घरगुती मशीनचा सर्वांत मोठा कंगवा घेतला तरी तो मुठीच्या जवळपास पोहोचत नाही. तेव्हा ज्याला मूठ राखायची आहे त्याने दाढीच्या अंगावर मशीन फिरवूच नये. मिशा, गालावरचे चुकार केस आणि गळा एवढेच मशीनचे काम. खालची टोके कंगवा आणि कातरीने. एका बेसावध फटक्यात वर्षभराची दाढी जाते. दाढी किती असावी याचा फतवा देणे आमचे काम नव्हे, ते आलिमांना विचारावे. परंतु मिशा आणि नखे कापण्यास चाळीस दिवसांहून अधिक उशीर करू नये, आणि ज्याला केस आहेत त्याने त्यांची नीट निगा राखावी, ही शिकवण हदीसमध्ये आहेच. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याने ती विसरू नये. गिऱ्हाईक कापड पाहण्याआधी कापड दाखवणाऱ्याकडे पाहते.

घरच्या मशीनच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा पैशाचा नसून आरोग्याचा आहे. कावीळ 'ब' चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या कणातूनही पसरतो. वस्तऱ्याचे पाते आता बहुतेक न्हावी बदलतात, पण मशीनची पाती एका मानेवरून दुसऱ्या मानेवर तशीच जातात. नायट्याचीही हीच वाट. आपली मशीन आपल्यापुरती असली की हा धोका टळतो; अट एवढीच की ती बाप, तीन मुलगे आणि पाहुणा जावई अशी सर्वांत फिरू नये. मशीन एकच असेल तर दर वेळी पाती झाडून, स्पिरिटने पुसून, वाळवून मगच दुसऱ्याने घ्यावी.

इतके सगळे मशीनच्या बाजूने बोलल्यावर वाचक म्हणतील, मग न्हाव्याचे काय? आता हिशेब मांडू. समजा, दाढी नीट करण्याचे ५० रुपये आणि माणूस महिन्यात चारदा जातो. महिन्याचे २०० झाले. १,५०० रुपयांची मशीन साडेसात महिन्यांत फिटते. गिऱ्हाइकाच्या वहीत हा सौदा चांगला दिसतो. न्हाव्याच्या वहीत तोच सौदा पाहा. अशी ६० गिऱ्हाइके घरी बसली तर महिन्याचे १२ हजार गेले. केस माणूस महिन्या-दीड महिन्यातून कापतो. रोजचा गल्ला चालतो तो दाढीवर. शहरात रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस रिकाम्या खुर्चीत येऊन बसतो. राळेगणसिद्धीसारख्या गावात चेहरे मोजके असतात. तिथे गेलेल्या गिऱ्हाइकाची जागा घ्यायला दुसरे कुणी नसते.

शिवाय न्हाव्याचे दुकान हे नुसते दुकान नसते. तिथे एकाच बाकावर शेतकरी, मास्तर, सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा तरुण आणि आमच्यासारखा कापडवाला नंबरची वाट पाहत बसतात. कुणाच्या घरी लग्न ठरले, कुणाचा कांदा कोणत्या भावाने गेला, कुणाची उधारी बुडण्याच्या बेतात आहे, हे व्यापाऱ्याला तिथे कळते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोक आपल्याला चेहऱ्याने आणि नावाने ओळखू लागतात. याच अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, मढी येथे २०२५ साली कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू देऊ नयेत असा ग्रामसभेचा ठराव झाला, हे वाचकांना ठाऊक आहे. असे ठराव अनोळखी माणसाविरुद्ध सहज होतात. बाकावर शेजारी बसणाऱ्याविरुद्ध हात वर करताना माणूस थोडा तरी थबकतो. अशा दिवसांत पन्नास रुपये वाचवण्यासाठी तो बाक सोडून घरात आरशासमोर बसणे हा आम्हांला व्यापारी शहाणपणा वाटत नाही. न्हावी नाभिक असो की आमचा सलमानी हजाम, दोघांच्या बाबतीत हे सारखेच खरे आहे.

पण गिऱ्हाइकाने दया म्हणून यावे, अशी अपेक्षा कोणत्याच कारागिराने करू नये. दयेवर धंदा चालत नाही. आमच्या कापडाच्या व्यापारात रेडिमेड आले तेव्हा आम्ही हे जवळून पाहिले. शर्ट-पँट शिवून घेणारे गिऱ्हाईक आटले. जे शिंपी रेडिमेडला शिव्या देत बसले त्यांच्या मशीनवर धूळ बसली. जे रेडिमेड दुकानाच्या शेजारी टेबल टाकून बसले, लांबी कमी कर, कंबर घट्ट कर, चेन बदल, ही कामे घेऊ लागले, त्यांना त्याच रेडिमेडने काम दिले.

राळेगणसिद्धीचा दाखला यासाठीच देतो. अण्णा हजारे १९७५ साली गावात परतले. त्यानंतर तिथे दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, दुकानांतून विडी-सिगारेट-तंबाखूची विक्री थांबली. दारूचा धंदा हराम आणि न्हाव्याचा हलाल, तेव्हा दोन्हींची तुलना नाही. आम्हांला सांगायचे आहे ते त्या गावाने जोडीला काय केले त्याविषयी. नालाबांध आणि पाझर तलाव झाले, पावसाचे पाणी शिवारातच अडले, विहिरी भरल्या, बागायत आणि दूध वाढले. एका बाजूची मिळकत गेली तेव्हा दुसऱ्या बाजूची उभी राहिली, म्हणून ती बंदी टिकली. हातभर दुष्काळी गावाला जे पाण्याच्या बाबतीत उमगले ते पैशाच्या बाबतीतही लागू आहे. मशीनची किंमत गावाबाहेर जाते. तिची देखभाल गावात राहू शकते.

न्हाव्याने आता तेच धरावे. गावात जितक्या मशीन आहेत तितक्या पात्यांना तेल, सफाई, मधूनमधून धार किंवा नवे पाते लागणारच. हे काम घड्याळवाल्याचे नाही, मोबाइलवाल्याचेही नाही. ज्याचा हात रोज पात्यावर आहे त्याचे आहे. कोणती मशीन घ्यावी हा सल्ला तोच देऊ शकतो, आणि चार चांगल्या मशीन, तेलाच्या कुप्या, कंगवे त्याच्याच काउंटरवर विकायला ठेवता येतात. नव्या गिऱ्हाइकाला गळ्याची रेघ एकदा आखून द्यावी, मग त्याने घरी ती राखावी, महिन्याने पुन्हा येऊन दुरुस्त करून घ्यावी. "शिकवले तर गिऱ्हाईक जाईल" ही भीती खोटी आहे. ते तसेही चालले आहे. शिकवणाऱ्याकडे निदान महिन्यातून एकदा परत येते.

हत्यारांसाठी पैसा कुठून, असे कुणी विचारेल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. त्यांत न्हावी आहे, शिंपी आहे, धोबीही आहे. नोंदणी सामाईक सेवा केंद्रातून होते आणि ग्रामपंचायतीच्या पडताळणीतून पुढे जाते. त्यात प्रशिक्षण आहे, प्रशिक्षणाच्या दिवसांचा रोज ५०० रुपये भत्ता आहे आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत आहे. पुढे ५ टक्के व्याजाचे कर्जही आहे, परंतु हत्यारांची मदत हवी म्हणून कर्ज घेतलेच पाहिजे असे नाही. व्याजाला हात न लावणाऱ्या आमच्या कारागिरांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. निम्मे लोक 'कर्ज' हा शब्द ऐकूनच परत फिरतात.

आणि पैसे घेण्याची रीत. आमच्या खेड्यांत न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक होता. त्याला दाढीगणिक पैसे मिळत नसत. खळ्यावर वर्षाचे धान्य मिळे आणि वर्षभर तो घरातल्या सर्वांची सेवा करी. त्या पद्धतीत जातीचा जाच होता, ती गेली ते बरेच झाले. पण वर्षाचा ठराव ही कल्पना वाईट नव्हती. न्हाव्याने घरागणिक वर्षाची रक्कम ठरवावी: महिन्याला प्रत्येकाचे केस, महिन्यातून एकदा दाढीचा आकार, आणि दर तीन महिन्यांनी घरच्या मशीनची सफाई व तेल. गिऱ्हाइकाला सुटे पैसे देण्यापेक्षा ते स्वस्त पडावे आणि न्हाव्याला मंदीच्या महिन्यातही ठरलेली आवक असावी, असा आकडा दोघांनी बसून काढावा. व्यापारी बांधवांनी दुकानातल्या नोकरांसह असा ठराव केला तर सुरुवातीला पाच-दहा घरे सहज जमतील. नवे पाते लागले तर त्याची किंमत वेगळी, हे आधीच बोलून घ्यावे. ठराव तोंडी ठेवू नये. व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आपल्याला कुरआननेच दिला आहे. दोन वह्यांत लिहावा, एक न्हाव्याकडे, एक आपल्याकडे, आणि हप्ता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रोख द्यावा.