लक्षद्वीपचा हंगाम कोणाच्या सोयीचा?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिल्यानंतर या द्वीपसमूहाविषयी पर्यटकांचे कुतूहल वाढले. तेथे जाण्यास उत्तम काळ कोणता, याचे रूढ उत्तर ऑक्टोबर ते मे असे दिले जाते. जून ते सप्टेंबर या नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात समुद्र खवळलेला असतो आणि कोचीहून होणारी जहाज वाहतूक विस्कळीत होते, हे त्यामागील कारण.

मात्र या उत्तरात प्रवाशाची सोय पाहिली आहे, बेटांची नव्हे. अवघ्या ३२ चौरस किलोमीटरच्या या भूभागात नदी नाही. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा पातळ थर हाच गोड्या पाण्याचा नैसर्गिक साठा. उपसा वाढला की त्यात खारे पाणी शिरते. उन्हाळ्याच्या अखेरीस हा साठा आटू लागतो आणि त्याच सुमारास समुद्रही तापतो. १९९८, २०१० आणि २०१६ प्रमाणे २०२४ मध्येही येथील प्रवाळ उष्णतेने पांढरे पडले. शाळांच्या सुट्ट्यांमुळे पर्यटनाचे बेत आखले जातात, तेही नेमके याच एप्रिल-मे महिन्यांत.

दुसरीकडे, डिसेंबरच्या आरंभापर्यंत चक्रीवादळाचे सावट असते, हे २०१७ मध्ये ‘ओखी’ने दाखवून दिले. त्यामुळे डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळच पाहुणे आणि यजमान या दोघांनाही मानवणारा ठरतो.

लक्षद्वीपमध्ये प्रवेशासाठी परवाना लागतो. म्हणजे गर्दीला आवर घालण्याचे साधन प्रशासनाच्या हाती आहेच. परवान्यांची संख्या विहिरींतील पाण्याची पातळी पाहून ठरावी, विमानांतील आसने मोजून नव्हे.