ओळखीचे रूप, अनोळखी विष

रानातली अळंबी खुडून खाऊ नका, असा स्पष्ट इशारा कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात दिला. तोवर विषबाधेचे २१ रुग्ण नोंदले गेले होते आणि एका प्रौढ व्यक्तीचा मृत्यू झाला होता. यकृताला गंभीर इजा झालेल्यांमध्ये मुलेही होती. हे रुग्ण प्रामुख्याने माँटेरे आणि सॅन फ्रान्सिस्को बे एरिया या भागांत आढळले. बे एरियात मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे. पुढील आठवड्यांत रुग्णांचा आणि मृतांचा आकडा वाढत गेला.

या विषबाधेमागे मुख्यतः ‘डेथ कॅप’ ही अळंबी असल्याचे मानले जाते. ती मूळची युरोपातली. झाडांच्या मुळांशी सहजीवन करणारी ही बुरशी परक्या रोपांबरोबर कॅलिफोर्नियात आली आणि तेथील ओक वृक्षांखाली स्थिरावली. त्यामुळे ती जंगलाप्रमाणेच उद्यानांत आणि घरांच्या अंगणांतही उगवते. तिच्यातील अमाटॉक्सिन शिजवल्याने, वाळवल्याने किंवा गोठवल्याने नष्ट होत नाही. चवही वाईट नसल्याने जिभेला शंका येत नाही. साधारण सहा ते चोवीस तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात, मग रुग्णाला काही काळ बरे वाटू लागते. याच फसव्या काळात यकृताच्या पेशी मरत असतात.

या प्रश्नाला स्थलांतराची एक महत्त्वाची बाजू आहे. कोवळी डेथ कॅप ही आशियात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या, भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या अळंबीसारखी दिसते. आग्नेय आशियातून अमेरिकेत आलेली अनेक कुटुंबे याच साम्यामुळे फसली आहेत. त्यांच्यापाशी ज्ञान होते; परंतु ते दुसऱ्या भूमीचे होते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी ओळखणारी नजर पिढ्यान्‌पिढ्या घडत आली आहे. ती अळंबी वाळवीच्या सहवासातच वाढते आणि अमेरिकेच्या रानात मिळत नाही. तेव्हा गावाकडची ओळख येथे उपयोगी पडत नाही. उलट ती खोटा आत्मविश्वास देते. विषारी अळंबीने चांदी काळी पडते, किड्यांनी खाल्लेली अळंबी निर्धोक असते, हे समज तर कोठेच खरे नाहीत.

तंत्रज्ञानावरील विसंबणेही तितकेच धोक्याचे आहे. छायाचित्रावरून जात सांगणारी मोबाइल ॲप्स चुकतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या अळंबी-अभ्यासक संस्थेला, कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांबाबत वाचकांना सावध करावे लागले होते. छायाचित्रात टोपी दिसते. पण देठाच्या तळाशी असलेली पिशवीसारखी खोळ अनेकदा मातीत दडलेली असते. अळंबी वरून कापून घेतली की ओळखीची हीच खूण मागे राहते.

सरसकट मनाई हा संकटकाळातील योग्य उपाय असला, तरी तो पुरेसा नाही. कॅलिफोर्नियात २०१६ च्या डिसेंबरमध्येही १४ जणांना अशीच विषबाधा झाली होती आणि तिघांवर यकृत प्रत्यारोपण करावे लागले होते. अनोळखी माणसाने दिलेल्या अळंबीमुळे एक संपूर्ण कुटुंब त्या वेळी आजारी पडले होते. स्वित्झर्लंडमध्ये गोळा केलेली अळंबी प्रशिक्षित तपासनीसाला दाखवण्याची सोय अनेक ठिकाणी आहे; फ्रान्समध्ये औषधविक्रेत्यांच्या शिक्षणात अळंबीच्या ओळखीचा समावेश असतो. अमेरिकेत अशी सार्वजनिक व्यवस्था नाही. हौशी अभ्यासकांच्या स्थानिक मंडळांवरच तो भार पडतो.

ही व्यवस्था उभी राहीपर्यंत जबाबदारी घराघरावर आहे. डेथ कॅपला नुसता हात लागल्याने विषबाधा होत नाही. हात धुणे पुरेसे असते. मात्र तज्ज्ञाने प्रत्यक्ष हातात घेऊन तपासल्याशिवाय कोणतीही रानअळंबी ताटात येऊ नये, मग ती शेजाऱ्याने प्रेमाने आणलेली का असेना. लहान मुले आणि पाळीव प्राणी वावरतात त्या अंगणावरही पावसानंतर लक्ष ठेवावे. खाल्ल्याचा संशय आल्यास लक्षणांची वाट न पाहता विषबाधा नियंत्रण केंद्राला १-८००-२२२-१२२२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि उरलेली अळंबी डॉक्टरांसाठी जपून ठेवावी. उलट्या थांबल्या म्हणून रुग्णालयात जाणे टाळू नये. या विषाच्या बाबतीत तोच सर्वात घातक निर्णय ठरू शकतो.