तोटी खोलली होतीस का?

परवा रविवारी सकाळी मी पंधरा लिटर उसाचा रस बाथरूममध्ये ओतून दिला. तसा तो रस राहिलाच नव्हता. शिरका, म्हणजे आपलं व्हिनेगर, व्हावं म्हणून पाच आठवडे जपलेला ऐवज होता. वर सुरकुतलेला पांढरा थर, कडेला बुरशीचे हिरवट, केसाळ ठिपके आणि वास थेट नेलपॉलिश रिमूव्हरचा. रूममेटनं नाक दाबून विचारलं, "हे तू सॅलडवर घालणार होतीस?"

मामीला फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला, "तोटी खोलली व्हतीस का?"

तोटी? ती खोलायची असते?

थोडं मागे जाते. 2009 मध्ये पुण्यात डुलाली ही मायक्रोब्रूअरी सुरू झाली आणि तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक ऑफिसात 'घरीच बिअर बनवू या ना यार' म्हणणारा एक तरी बहाद्दर असतोच. आमच्याकडेही आहे. त्याच्यासाठी एक वाक्य : महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 सालचा असला तरी जिवंत आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, भले ती तुमच्या टू बीएचकेच्या बाल्कनीत का असेना. म्हणून मी शिरक्याकडे वळले. भांडं मात्र तेच लागतं. इंटरनेटवर त्याला फर्मेंटर म्हणतात. म्हणजे काय, तर खाली तोटी बसवलेला, रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा. नाव मोठं असलं की किंमतही वाढते, हा आपला नेहमीचा फंडा!

मामीचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरला लागून. चहूकडे ऊस आणि केळी. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. त्याआधीच जुनं गाव सोडून ही मंडळी वर सरकली. घरात अजून सासूबाईंच्या वेळचं मोठं पितळी पातेलं आहे. मी भोळेपणानं विचारलं होतं, "मामी, शिरका यात का नाही लावत? किती एथनिक दिसेल!"

"आन् कळकला म्हंजी?"

बरोबर आहे. कल्हई उडालेल्या पितळेत किंवा तांब्यात आंबट ठेवलं की धातू त्यात उतरतो. चिनीमातीची बरणी उत्तम, पण पंधरा लिटरची बरणी उचलणार कोण? अकलूजजवळ फ्रातेल्लीसारखी वायनरी असेल तर स्टीलच्या टाक्या परवडतात. मामीला परवडतो प्लास्टिकचा डबा. तो हलका असतो, गंजत नाही, आंबटानं खराब होत नाही. फक्त तो विसरत नाही. एकदा लोणचं ठेवलं की जन्मभर लोणच्याचा वास!

म्हणूनच मामीचा पहिला नियम : डबा नवाच घ्यायचा. भंगारवाल्याकडे निळे ड्रम स्वस्तात मिळतात, त्यात आधी काय होतं ते तोही शपथेवर सांगू शकत नाही. तळाशी त्रिकोणात 2 हा आकडा असला की आपण खूश होतो. पण तो आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, एचडीपीई. त्यात औषध होतं की तेल, हे नाही सांगत. विकत घेताना 'फूड ग्रेड' लिहिलेलं बघा, ग्लास आणि काट्याचं चिन्हही असतं.

दुसरा नियम मी मोडला होता. पहिला घाणा मस्त झाला म्हणून उत्साहानं मी डबा हिरव्या घासणीनं खसाखसा घासला, आरशासारखा. प्रत्येक फटकाऱ्यानं आत बारीक ओरखडे पडत होते आणि त्या ओरखड्यांत जंतूंना फुकट वन-रूम किचन मिळत होतं. तिथे ना फडकं पोचतं ना औषध. काम साधंच आहे खरं तर. डबा रिकामा झाला की लगेच कोमट पाण्यानं विसळायचा, फेसाचं कडं वाळू द्यायचं नाही. मग धुण्याचा सोडा घातलेलं पाणी रात्रभर भरून ठेवायचं, हातमोजे घालून. सकाळी मऊ फडकं फिरवायचं. उकळतं पाणी ओतायचं नाही, डबा वाकडा होतो आणि झाकण बसत नाही. लिंबाच्या वासाचा साबणही नको.

आणि तोटी! ती सोडवायची, रबरी वायसर काढायचा, सगळं वेगळं भिजवायचं. मी काल माझी तोटी खोलली. आत काय निघालं ते वर्णन करत नाही, तुम्ही हे बहुधा लंच अवरमध्ये वाचताय.

धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. त्यासाठी मी साधं, बिनवासाचं ब्लीच वापरते. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा, पंधरा-वीस मिनिटं. मग भरपूर विसळायचं. इथे गंमत नाही : ब्लीच आणि शिरका एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. डब्यात जुना शिरका असताना ब्लीच ओतू नका, आणि ब्लीचचा वास असताना शिरका भरू नका.

विसळायचं कशानं, हा मामीकडचा खरा प्रॉब्लेम. अंगणातून दिसतं ते अथांग पाणी. उजनीची क्षमता 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये गेल्याच्या बातम्या येतात. उरलेलं पाणी हिरवं पडतं, वर जलपर्णी. कारण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, त्यातलं पुरतं शुद्ध न झालेलंही, मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. त्याच धरणाचं पाणी सोलापूर शहर पितं. निर्जंतुक केलेला डबा त्या पाण्यानं विसळला की मेहनत वाया. त्यामुळे मामी आदल्या रात्री हंडाभर पाणी उकळून झाकून ठेवते. सरपण तिचं, सांडपाणी आपलं.

मी बाथरूममध्ये ओतलेला तो पंधरा लिटरचा घोटाळा कुठे गेला असेल, याचा हिशेब तेव्हा कुठे लागला. मामीला फोनवर सांगितलं तर हसली. "यिऊ दे हिकडं, आमाला सवय हाय."

डबा वाळवण्यावरून मात्र आमचं अजून जमलेलं नाही. ती तो दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवते, वास जातो म्हणते. मी म्हणते, उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं, सावलीत पालथा घाला, झाकण न लावता. तिचा डबा तीन वर्षं टिकलाय, माझा दोन घाण्यांत बाद.

नवा डबा आणलाय. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याला बिनबर्फाचा, बिनलिंबाचा, बिनआल्याचा पंधरा लिटर रस सांगितला तर तो माझ्याकडे बघतच राहिला. विरजण म्हणून मामीनं जुना शिरका बाटलीत भरून दिलाय, रसाचा फेस बसला की तो घालायचा. तोंडाला कापड बांधायचं, घट्ट झाकण नाही, कारण या टप्प्यावर त्याला हवा हवी असते. तोटी सध्या वाटीत भिजतेय.